फतकल न मारणारं विमान

१

विमान शेपटीवर बसलं नाही, तेव्हाच मला कळलं की ते माझ्या बायकोचं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी काचेचं कपाट उघडतो. आतली चौदा लढाऊ विमानं एकेक करून टेबलावर घेतो आणि मऊ ब्रशने पुसतो. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याची ही विमानं. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, हा आमचा तीस वर्षांचा छंद. मी कापायचो आणि चिकटवायचो. रंग बायकोचा. ती गेल्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून नवीन विमान झालेलं नाही. पुसणं मात्र चुकलेलं नाही.

त्या दिवशी आठवं विमान बाहेर काढलं. दोन इंजिनांचं, बाँब टाकणारं, हिरव्या अंगावर तपकिरी ठिपक्यांचं. त्याच्या शेपटीखाली पारदर्शक प्लॅस्टिकची एक काडी असते, आगपेटीच्या काडीएवढी. पुसायच्या आधी ती काढून ठेवावी लागते. काढली की विमान मागे कलंडतं, नाक वर करतं आणि शेपटीवर बसतं. बारा वर्षं हे असंच चाललं आहे.

मी काडी काढली. विमान जागचं हललं नाही.

काडी परत लावली, परत काढली. टेबल वाकडं असेल म्हणून विमान फरशीवर ठेवलं. तिथेही ते तिन्ही चाकांवर ताठ उभं.

यात एवढं काय, असं ज्यांनी विमानं बांधली नाहीत त्यांना वाटेल. सांगतो. या जातीच्या विमानाला एक चाक नाकाखाली असतं आणि दोन पंखांखाली. प्लॅस्टिकच्या नमुन्यात बराचसा भार मागे येतो. म्हणून अंगाचे दोन अर्धे भाग जोडायच्या आधी नाकात वजन भरायचं असतं. सूचनांच्या कागदावर पहिल्या ओळीत तेच लिहिलेलं असतं. बायकोने बारा वर्षांपूर्वी वजन न भरताच अंग चिकटवून टाकलं. रंग वाळला, विमान टेबलावर ठेवलं आणि त्याने सगळ्यांसमोर फतकल मारली. ती म्हणाली, दमलं असेल बिचारं. फोडून दुरुस्त करायला तिने साफ नकार दिला. त्या दिवसापासून त्या विमानाचं नाव फतकल. अशी विमानं बांधणाऱ्यांच्या आमच्या मंडळात वर्षभर तोच विषय होता.

मी कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होतो. पुर्जा मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. टेबलावरच्या विमानाला मी भिंग लावलं. रंग तोच, ठिपके त्याच जागी, जुनेपणाने पिवळी पडलेली चिन्हंही तशीच. काम पहिल्या प्रतीचं होतं.

कोणीतरी फतकल उचलून नेली होती आणि तिच्या जागी हुबेहूब दुसरं विमान ठेवलं होतं. त्याच्या हातून एकच गोष्ट राहिली होती. बायकोने केलेली चूक त्याने केली नव्हती.

२

चौदांपैकी दुसरं कुठलंही गेलं असतं तर मी दोन दिवस चिडलो असतो आणि गप्प बसलो असतो. फतकलची गोष्ट वेगळी होती. ते विमान बांधलं त्या वर्षी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यामुळे पहिल्या भागापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत सगळं तिनेच केलं. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, रविवारी येऊन धरू लागायचा, तेवढीच मदत. बाकीची तेरा आमची दोघांची. हे एकटं तिचं. ते मला परत हवं होतं. नेणाऱ्याच्या हातून त्याचं चाक मोडायच्या आत हवं होतं.

मी कागद घेऊन बसलो. मागच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मीच काडी काढली होती आणि विमान नीट बसलं होतं. म्हणजे बदल या चार आठवड्यांतला. कपाटाची किल्ली कपाटावरच्या खिळ्याला असते, हे घरात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. चार आठवड्यांत त्या खोलीत एकटे राहिले असे चारच जण.

एक, चष्मेवाला. चष्म्याचं दुकान चालवतो, आमच्या मंडळाचा चिटणीस आहे आणि माझा जुना दोस्त. प्रदर्शनाची जागा मोजायला म्हणून आला होता.

दोन, समोरच्या दारातल्या चित्रकलेच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या आणि बायको गेल्यावर दोन महिन्यांनी इथे राहायला आल्या. मी मुलीकडे चार दिवस गेलो तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली त्यांच्याकडे होती.

तीन, मेहुणा. वजनकाटे दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे आणि तोही मंडळात आहे. दर रविवारी येतो. मी चहा करतो, तोवर तो कपाटासमोर उभा असतो.

चार, जावई. दातांचा डॉक्टर. कपाटातला दिवा बदलून द्यायला आला होता.

मुलीला मी यादीत धरलं नाही. ती त्या महिन्यात आलीच नव्हती. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं की बाबा, या चौघांपैकी कोणी तुमच्याकडे आईची एखादी वस्तू मागितली होती का.

मागितली होती. चष्मेवाल्याने फतकल प्रदर्शनाला मागितली होती. चित्रकलेच्या बाईंनी बायकोच्या रंगाच्या बाटल्या मागितल्या होत्या, वाळून वाया जातील म्हणून. मेहुण्याने ती गेली त्या पंधरवड्यात, ताईची आठवण म्हणून एक विमान द्या, कुठलंही चालेल, असं म्हटलं होतं. जावयाने मुलीसाठी आईचे ब्रश मागितले होते. मी चौघांनाही एकच उत्तर दिलं होतं, की तिने जिथे ठेवलंय तिथेच ते राहील.

“म्हणजे चौघांनाही कारण आहे,” मुलगी म्हणाली. “आणि ते कारण तुम्हीच दिलंय, बाबा.”

मी फोन ठेवला. पोरगी आईवर गेली आहे. पण माझा विचार तोवर पुढे गेला होता. ज्याने हे विमान बांधलं त्याने नाकात वजन भरलं, म्हणजे फतकलची गोष्ट त्याला माहीत नव्हती. शेपटीखालची काडी त्याला शोभेची वाटली असणार. चष्मेवाल्याला आणि मेहुण्याला ती गोष्ट तोंडपाठ. ते दोघं सुटले. जावयाला विमानांत रस नाही, मी ऐकत नाही असं बघून तो त्यांना खेळणी म्हणतो. उरल्या चित्रकलेच्या बाई. हात रंगात मुरलेला, घराची किल्ली हातात आणि फतकलचं नावही ऐकलेलं नाही.

गणित सुटलं होतं. तरी आधी चष्मेवाल्याकडे जायचं ठरवलं. तपासनिसाने एका मापावर पुर्जा कधी नापास करू नये.

३

चष्मेवाल्याचं दुकान दुपारी रिकामं असतं. मी खोका उघडून विमान काउंटरवर ठेवलं आणि काडी काढली. त्याने शेपटीला बोटाने हलकं टोचून पाहिलं.

“ही आपली फतकल नाही,” तो म्हणाला.

मी म्हटलं, ते मलाही कळलंय. तुला काय म्हणायचंय ते सांग.

त्याचा चेहरा बदलला. “तू माझी तपासणी करायला आलायस होय? अरे, मी नक्कल केली असती तर तिला शेपटीवर बसवूनच सोडली असती. एवढा कच्चा समजतोस मला?”

मुद्दा बरोबर होता. तो राग गिळून कामाला लागला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि विमान खिडकीच्या उजेडात फिरवत राहिला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. चिन्हांचा पिवळेपणा खरा नव्हता, नव्या चिन्हांवर चहाच्या रंगाचं पातळ वॉर्निश मारलेलं होतं. आणि वॉर्निशचे थर मोजले, रंग वाळायचे दिवस धरले, तर एका माणसाला रोज दोन तास बसून तीन महिने तरी लागले असतील.

तीन महिने. म्हणजे विमान हातून फुटलं म्हणून घाबरून कोणी नक्कल केली, असं नव्हतं. मूळ विमान चार आठवड्यांपूर्वीपर्यंत माझ्या कपाटात धडधाकट होतं. नक्कल आधी झाली आणि चोरी नंतर. हे ठरवून केलेलं काम होतं.

मी विचारलं, सुट्या भागांचा हा संच आला कुठून? कंपनीने तो काढणं बंद करून दहा वर्षं झाली. चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. मंडळाच्या खोलीत एक फळी आहे. ज्याला आपला न बांधलेला संच नको असेल त्याने तो तिथे ठेवायचा आणि दुसरा न्यायचा. नोंद कोणी ठेवत नाही. त्या फळीवर फतकलच्याच जातीचा एक खोका होता. साडेतीन महिन्यांपूर्वी तो गेला आणि त्याच्या जागी दुसराच एक खोका आला.

“आणि ठिपके?” मी म्हटलं. “मूळ विमान समोर नसताना इतके जिथल्या तिथे कसे काढले?”

तो जरा ओशाळला. दोन वर्षांपूर्वी त्यानेच मंडळातल्या सगळ्या विमानांचे सहा बाजूंनी फोटो काढून एक पुस्तिका छापली होती. मंडळातल्या प्रत्येकाकडे तिची प्रत आहे.

मी खोका बंद केला. चित्रकलेच्या बाई मंडळात नव्हत्या. फळी त्यांना माहीत नव्हती आणि पुस्तिकाही त्यांच्याकडे नव्हती. पण फतकलची गोष्ट माहीत नसलेलं तर कोणीतरी हवं होतं. माझी दोन मापं एकमेकांशी जुळेनात.

४

बाईंनी दार उघडलं तेव्हा हाताला पीठ लागलेलं होतं. हात धुऊन आल्या. मी चोरीबद्दल बोललो नाही. एवढंच म्हटलं की हे विमान जरा बघा, रंगाबद्दल तुमचं मत हवंय.

त्यांनी विमान उचललं, नाक स्वतःकडे केलं आणि म्हणाल्या की ठिपके छान आहेत, पण या डाव्या पंखावरचे जास्त छान आहेत.

त्या ज्याला डावा म्हणत होत्या तो उजवा पंख होता. विमानाचं डावं-उजवं आत बसलेल्या पायलटच्या हातांवरून ठरतं. नाक समोर धरून बघणाऱ्याला ते उलटं दिसतं. सूचनांच्या कागदावर प्रत्येक भाग पायलटच्या हाताने लिहिलेला असतो, डावं चाक, उजवं चाक, डावी झडप. ज्याने एक विमान जरी बांधलं असेल त्याच्या अंगात ते भिनतं. मग त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो चुकत नाही. बाईंनी हे विमान बांधलेलं नव्हतं. मुद्दाम चुकल्या म्हणावं, तर ही परीक्षा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

“कोणी केलंय?” त्यांनी विचारलं.

“तेच शोधतोय.”

मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझा पहिला संशय त्यांच्यावर होता, हेही सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, “रंगाच्या बाटल्या मागितल्या म्हणून? भाऊ, तुम्ही नाही म्हणालात त्याच दिवशी मी दुकानातून आणल्या.”

त्यांनी विमान पुन्हा घेतलं, खिडकीशी नेलं आणि आडवं धरून उजेड तिरका पाडला. पंखाच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. रंगाखाली सुईने ओढल्यासारख्या बारीक रेघा होत्या. उभ्या आणि आडव्या. चौकटी.

बाई म्हणाल्या की शाळेत मुलांना चित्र उतरवायला शिकवताना त्या फोटोवर अशाच चौकटी आखायला लावत. एका चौकटीत जेवढं दिसतं तेवढंच कागदावरच्या चौकटीत काढायचं. हात मोकळा सोडून ज्याला काढता येतं तो चौकटी आखत नाही.

“हा माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “तो मोजतो.”

मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर आलो. माझं दार समोरच होतं, पण कुलूप उघडायला मला वेळ लागला. मंडळात असलेला, फोटोंची पुस्तिका जवळ असलेला आणि सगळं मोजून करणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर एकच येत होता. तो मी होतो.

५

घरी येऊन विमान टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. रंग तपासून झाला, ठिपके झाले, चिन्हं झाली. ज्या गोष्टीने ते उघडं पडलं तीच मी मोजली नव्हती. नाकातलं वजन.

पाकिटावरून एक पोस्टाचं तिकीट सोडवलं आणि काडी न लावता विमानाच्या शेपटीवर ठेवलं. विमान हळूच मागे गेलं आणि शेपटीवर बसलं. तिकीट उचललं, ते पुन्हा उभं राहिलं.

मी पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा तेच.

वजन भरताना सगळेच जास्त भरतात. मीही भरतो. एकदा अंग चिकटलं की परत उघडता येत नाही, म्हणून कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. इथे भरणाऱ्याने तोल एका तिकिटापर्यंत आणला होता. हे नवशिक्याचं काम नव्हतं. आत काय भरलंय ते बघायचं होतं, पण फोडायचं नव्हतं. शेवटी ती कोणाची तरी तीन महिन्यांची मेहनत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाच्या दवाखान्यात गेलो. बाहेर गाल धरून बसलेल्या एका बाईंनी मांडीवरचा खोका बघितला आणि विचारलं की आजोबा, विमानाची दाढ दुखतेय का. दुखत असून त्यांना हसू येत होतं.

जावयाला मी म्हटलं, “जावईबापू, याच्या नाकाचा एक्स-रे काढा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता म्हणेल की मशीन बिघडलंय, आणि तसं म्हणाला असता तर मी त्याचं नाव यादीत वर घेतलं असतं. पण त्याने खुर्चीवरचा टॉवेल नीट केला, त्यावर विमान ठेवलं आणि दाताखाली धरायची छोटी पट्टी नाकाच्या एका बाजूला लावली. “बाबा, याला सांगा हलू नको म्हणून,” म्हणाला. त्याच्यावर मी कधी फार जीव लावलेला नाही, पण त्या दिवशी तो मला बरा वाटला.

चित्र पडद्यावर आलं. प्लॅस्टिक राखाडी दिसत होतं, धुक्यासारखं. नाकाच्या टोकाशी एक पांढरी आकृती होती. खाली जाड, वर निमुळती आणि डोक्यावर गोल घुंडी. तिच्या मागे एक चौकोनी पातळ पान उभं होतं, एक कोपरा वर वळवलेला.

“काय आहे हे?” जावयाने विचारलं. “बुद्धिबळातलं प्यादं?”

मी शेजारच्या स्टुलावर बसलो. घुंडी असते ती वजन बोटांनी उचलायला. आणि ते पान म्हणजे सगळ्यात हलकं वजन. त्याचा कोपरा मुद्दाम वळवलेला असतो, चिमट्याने धरता यावं म्हणून. अशी वजनं मी एकाच माणसाच्या टेबलावर पाहिली आहेत.

जावयाने पाणी दिलं.

माझी चूक कुठे झाली ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. नाकात वजन भरलं म्हणजे फतकलची गोष्ट माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो. गोष्ट माहीत असूनही ज्याचा हात वजन सोडायला तयार होत नाही, असाही एक माणूस असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जन्मभर तोल सांभाळण्याचंच काम केलेला माणूस. जो डोळ्यांवर नाही, काट्यावर विश्वास ठेवतो.

६

मेहुण्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींवर तराजूंच्या दांड्या टांगलेल्या, खाली पितळी पारडी एकात एक घालून ठेवलेली. खोलीच्या टोकाला काचेच्या पेटीतला एक नाजूक काटा आणि त्याच्यासमोर मेहुणा, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मी आत आलो तेव्हा त्याने मान वर केली नाही.

“काल सोमवार होता,” तो म्हणाला. “मला वाटलं कालच याल.”

“एक्स-रे काढायचा होता.”

तेव्हा त्याने भिंग काढलं. मी खोक्यातून त्याचं विमान काढलं आणि काट्याच्या पेटीशेजारी ठेवलं. मी जे जे शोधलं ते सगळं क्रमाने सांगितलं. फळीवरचा खोका, फोटोंची पुस्तिका, चौकटी, तिकीट, घुंडी. रविवारी मी चहा करायला आत गेलो तेव्हा त्याने अदलाबदल केली, हेही सांगितलं. तो मधेमधे मान डोलवत होता, एखाद्याने काटा बरोबर लावलाय असं बघावं तसा.

माझं बोलून झाल्यावर त्याने वर बोट केलं. सगळ्यात वरच्या फळीवर फतकल होती. काडी नव्हती. नाक वर करून शेपटीवर बसली होती.

“घेऊन जा, भाऊजी,” तो म्हणाला. “मी मागितली तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण मला राहवलं नाही.”

त्याचा आवाज साधा होता. त्याने माफी मागितली नाही आणि मलाही ती नको होती. मला एकच गोष्ट कळत नव्हती.

“वजन का भरलंस? भरलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं.”

तो उठला, एक तराजू उगाच सरळ केला आणि परत येऊन बसला.

“त्या दिवशी वजन ताईने भरायचं नव्हतं,” तो म्हणाला. “मी भरायचं होतं.”

मी जवळचं स्टूल ओढून बसलो.

“तुमचा हात प्लास्टरमध्ये होता. तुम्ही आत झोपला होतात. ती गोंद लावत होती आणि मी अंग धरून बसलो होतो. नाकात भरायला मोजून आणलेलं वजन माझ्या खिशात होतं. आम्ही लहानपणचं काहीतरी बोलत होतो, हसत होतो. ती म्हणाली दाब, मी दाबलं. घरी गेलो आणि शर्ट काढताना खिसा जड लागला.”

“मग सांगायचं ना.”

“सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, मंडळात माझं नाव सांगायचं. वजनकाट्यावाला वजन विसरला असं कळलं, तर तुझ्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. ती होती तोवर सगळे तिला चिडवत राहिले. माझ्याकडे बघून ती एकदाही हसली नाही. नवरा आहे म्हणून तुम्हाला तरी सांगेल असं वाटलं होतं. सांगितलं नाही ना?”

“नाही.”

“आता नवं बांधताना ठरवलं होतं रिकामंच चिकटवायचं. दोनदा गोंद लावला आणि दोनदा पुसून काढला. एकदा विसरलो ते विसरलो, भाऊजी. मुद्दाम विसरायला नाही जमलं.”

बाहेर कोणीतरी दुकानात यायला बघत होतं. त्याने हाताने थांबायची खूण केली आणि मग माझ्याकडे न बघता बोलला.

“ती तेरा तुमची आणि तिची. ही आमची होती.”

मी स्टुलावर चढून फतकल खाली घेतली. खालून, वरून, दोन्ही बाजूंनी पाहिली. चाकं शाबूत होती, एकही ठिपका खरवडला नव्हता. डाव्या पंखाच्या सांध्यावर, अंगाच्या जोडाजवळ, गोंदात एक ठसा उमटलेला होता. अंगठ्याचा. रंगाखालीही तो कळत होता. नकलेवरही त्याच जागी तसाच ठसा होता, म्हणून भिंगाखाली मला काही उणं दिसलं नव्हतं. मी ते विमान दर महिन्याला पुसत आलो आहे आणि तो ठसा तिचा म्हणून पुसताना दर वेळी तिथे जरा थांबत आलो आहे. तिचा अंगठा लहान होता. हा ठसा मोठा होता. छत्तीस वर्षं मापं घेतली आणि हे एक माप कधी घेतलं नाही.

मेहुणा माझ्या हातांकडे बघत होता. मी फतकल पुन्हा वरच्या फळीवर ठेवली, शेपटीवर. त्याचं विमान खोक्यात घातलं, खोका बगलेत मारला आणि दुकानातून निघालो. दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हटलं, जा आत, इथला काटा चोख असतो.

ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. चष्मेवाल्याला एवढंच कळवलं की विमान सापडलं आहे आणि सुरक्षित आहे. त्याने खोदून विचारलं, मी विषय बदलला. मुलीला सांगावं लागलं नाही. जावयाने एक्स-रेचं वर्णन केल्यावर ती म्हणाली, मामा.

मेहुणा रविवारी येतो. त्याने बांधलेलं विमान कपाटात आठव्या जागी उभं आहे आणि मी ते बाकीच्यांबरोबर पुसतो. आम्ही चहा घेतो, इकडचं तिकडचं बोलतो. फतकलचं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही. फतकल तुझीच आहे, हे त्याला तोंडाने सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.